अटॅकनंतर हृदय पुन्हा का उगवत नाही आणि आप्पांच्या पंपिंगचं आता काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला आणि मगच लिहायला बसलो, कारण दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं व्हावं असा तो नाहीये. तुम्ही लिहिलंय की वडील, म्हणजे तुमचे आप्पा, 61 वर्षांचे, कागलकडं ऊसशेती, सात आठवड्यांमागं मोठा अटॅक आला, पुढच्या मुख्य रक्तवाहिनीत स्टेंट टाकला, घरी सोडताना इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग, म्हणजे डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकलं जातं तो आकडा, 35 टक्के निघालं. आता पाहुण्यांपैकी कुणीतरी साडेचार लाखांचं स्टेम सेलचं (ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशींच्या इंजेक्शनचं) पॅकेज सुचवलंय, त्यानं मेलेला भाग परत उगवतो म्हणे, आणि त्यासाठी अर्धा एकर रान गहाण टाकायची बोलणी घरात चाललीयत. तुम्ही स्वतः झूलॉजीत एमएस्सी करताय, म्हणून तुम्हाला पडलेला प्रश्न असा की पोटातल्या बाळाचं हृदय काही आठवड्यांत शून्यातून तयार होतं, झेब्रा मासा कापलेलं हृदय परत उगवतो, मग तेच सिग्नल आप्पांच्या हृदयाला का देता येत नाहीत?

मी कोल्हापुरात 24 वर्षं हृदयरोगाची प्रॅक्टिस करतोय. नातेवाईक बहुतेक वेळा "डॉक्टर, पंपिंग वाढंल का?" एवढंच विचारतात. तुम्ही त्याच्या मुळाशी गेलाय, आणि मला वाटतं मुळाशी गेल्याशिवाय त्या साडेचार लाखांचा निर्णय घरात कुणाला पटवून देता येणार नाही, म्हणून सगळं सांगतो, जरा लांबलं तरी वाचा.

आधी कशाकशावर अवलंबून आहे ते बोलतो. छातीत दुखायला लागल्यापासून नस उघडेपर्यंत किती तास गेले हे सगळ्यात मोठं, कारण रक्त तुटल्यावर वीस-तीस मिनिटांत स्नायूपेशी मरायला लागतात आणि हे मरण आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडं काही तासांत पसरत जातं. दीड तासात नस उघडलेल्या माणसाचं 35 आणि दहा तासांनी उघडलेल्या माणसाचं 35 हे दोन वेगळे आकडे आहेत. बाकीच्या दोन नसा कशा आहेत, डावी झडप गळतेय का, शुगर आहे का, किडनीचा क्रिएटिनिन किती, बीपी किती, तंबाखू सुटलीय का, यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही आणि मी आप्पांना तपासलेलंही नाही. त्यामुळं गोळ्यांचे डोस मी इथं सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. पण हृदय असं का वागतं हे सांगू शकतो.

सुरुवात वणापासून, म्हणजे मेलेल्या स्नायूच्या जागी जो डाग तयार होतो त्याच्यापासून करतो, कारण घरात सगळे त्या वणालाच शत्रू समजतात. मोठ्या अटॅकमध्ये शंभर कोटींच्या आसपास स्नायूपेशी जातात. मेलेल्या पेशी फुटतात, आतला माल बाहेर सांडतो आणि तोच धोक्याचा पहिला सिग्नल असतो. तो ऐकून पहिल्या एक-दोन दिवसांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात, मागोमाग मॅक्रोफेज नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी येऊन मेलेलं खाऊन साफ करतात, आणि साफ करता करता टीजीएफ-बीटा नावाचा सिग्नल सोडतात. हा सिग्नल मिळाला की तिथल्या फायब्रोब्लास्ट पेशी रूप बदलतात आणि कोलॅजन, म्हणजे वणाचे चिवट धागे, विणायला घेतात. पंचगंगेच्या पुरात कुठं बांध फुटला तर आपण आधी मातीची पोती टाकतो ना, दगडी काम नंतर, तसलाच हा प्रकार. पोती वेळेत पडली नाहीत तर पहिल्या आठवड्यात हृदयाची भिंतच फुटू शकते आणि तसा पेशंट वाचवणं फार अवघड असतं. 1970 च्या दशकात सूज कमी करावी म्हणून अटॅकच्या पेशंटना स्टिरॉइड देऊन बघितलं होतं, त्यात फायदा सोडा, नुकसान झालं, कारण सूज कमी करायच्या नादात दुरुस्तीचा निरोपच दाबला गेला. आजही अटॅकनंतर डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या मनानं घेऊ नका असं आम्ही सांगतो त्यामागं हेही एक कारण आहे. आप्पांची पाठ-गुडघे दुखत असतील (शेतकऱ्याचे दुखतातच) तर मेडिकलमधून गोळी आणण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

हा वण पक्का व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. काही वर्षांपूर्वी माझ्याकडं एक जुने पैलवान आले होते, पंचावन्नचं वय, अटॅकनंतर पंधराव्या दिवशी बरं वाटलं म्हणून तालमीत जाऊन जोर मारले. छातीत धडधड घेऊन परत ॲडमिट झाले, इकोत वणाचा भाग फुग्यासारखा बाहेर आलेला होता. अंगात ताकद होती पण वण अजून कोवळा होता आणि श्वास रोखून जोर मारताना आतला दाब किती चढतो याचा अंदाज त्यांना आला नाही. चालणं वेगळं आणि जोर-बैठका, पोतं उचलणं, पंप ओढणं वेगळं, हे तेव्हापासून मी प्रत्येकाला बजावून सांगतो, आप्पांनाही सांगा.

आता तुमचा मूळ प्रश्न. गर्भात हृदय कसं होतं? तिसऱ्या आठवड्यात मेसोडर्मच्या (गर्भाच्या मधल्या थराच्या) काही पेशी चंद्रकोरीच्या आकारात गोळा होतात, त्यांची नळी होते, आणि 22 व्या दिवसाच्या आसपास ती नळी आकुंचन पावायला लागते, म्हणजे बऱ्याच बायकांना दिवस गेलेत हे पुरतं कळायच्या आधीच. या पेशींना कुणी तरी सांगावं लागतं की तुम्ही हृदय व्हायचंय. शेजारच्या एंडोडर्मकडून (आतल्या थराकडून) बीएमपी आणि एफजीएफ नावाच्या प्रथिनांचे निरोप येतात, आणि विंट नावाचा सिग्नल तर फार विलक्षण वागतो. आधी मेसोडर्म व्हायला विंट लागतो आणि लगेच पुढच्या टप्प्यावर तोच विंट हृदय होऊ देत नाही, तिथं तो बंद करावा लागतो. प्रयोगशाळेत आज स्टेम सेलपासून धडधडणाऱ्या पेशी बनवतात त्या याच युक्तीनं, पहिल्यांदा रसायन घालून विंट चालू करायचा आणि दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या रसायनानं बंद करायचा. बंद करायचं राहिलं की सगळं फसतं. सिग्नल तोच, डबीतल्या पेशीही त्याच, फक्त दोन दिवसांचा फरक. पुढचं सगळं समजून घ्यायला ही एवढी गोष्ट लक्षात ठेवा.

निरोप मिळाल्यावर पेशीच्या आत जे जीन जागे होतात त्यातला एक तुम्ही अभ्यासात वाचला असेल. फळमाशीत तो नसेल तर हृदयच होत नाही म्हणून, 'विझर्ड ऑफ ऑझ' या गोष्टीतल्या हृदय नसलेल्या पत्र्याच्या माणसावरून, त्याला टिनमन म्हणतात, माणसातलं त्याचं भावंड म्हणजे एनकेएक्स2-5, त्यात बिघाड असला की हृदयाच्या पडद्याला छिद्र आणि त्याच्या विजेच्या वायरिंगमधला ब्लॉक अशी जोडी काही घराण्यांत पिढ्यान् पिढ्या दिसते. झडपांच्या जागी नॉच सिग्नल काम करतो, नॉच1 मध्ये दोष असेल तर महाधमनीची झडप तीनऐवजी दोन पाकळ्यांची होऊ शकते. आठव्या आठवड्यापर्यंत चार कप्पे, पडदे, बऱ्यापैकी सगळा आराखडा तयार. त्यानंतर मुख्यतः आकार वाढतो.

यातली एक गोष्ट मला माझ्या ओपीडीत शिकायला मिळाली ती सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. गर्भात हृदयाचं आतलं अस्तर न्यूरेग्युलिन नावाचा निरोप सोडतं, तो स्नायूपेशीवरच्या एर्ब-बी2 आणि एर्ब-बी4 या रिसेप्टरना (निरोप घेणाऱ्या प्रथिनांना) लागतो आणि त्यानं आत स्नायूंची जाळी तयार होते. 1995 साली उंदरांत हे जीन काढून बघितले तेव्हा पिल्लं गर्भातच दहा-अकराव्या दिवशी मेली, जाळीच झाली नव्हती. आता हाच एर्ब-बी2 म्हणजे स्तनाच्या कॅन्सरमधला हर-2. ट्रॅस्टुझुमॅब हे त्याला अडवणारं औषध 1998 मध्ये बाजारात आलं, कॅन्सरसाठी फार मोलाचं औषध आहे, पण काही बायकांचं पंपिंग त्यानं उतरतं. माझ्याकडं अशाच एक शिक्षिका आल्या होत्या, 60 वरून 42 वर आलेल्या, कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलून औषध काही काळ थांबवलं, हृदयाची औषधं चालू केली, चार महिन्यांनी 56. म्हणजे बघा, गर्भात हृदय घडवणारा सिग्नल पन्नाशीच्या बाईतही रोज काम करत होता, तो अडवल्यावर कळलं की तो आहे. म्हणून कुणी म्हणालं की मोठेपणी ते सिग्नल संपतात, तर ते मला मान्य नाही.

अटॅकनंतर तर ते अजून जोरात येतात. तुमच्या आप्पांची एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ततपासणी झाली असेल, हृदयावर किती ताण आहे ते ती सांगते. त्याच कुटुंबातला एएनपी हा हार्मोन गर्भात खालच्या कप्प्यांत भरपूर बनतो, जन्मानंतर तिथं जवळजवळ बंद होतो, आणि हृदयावर ताण आला की परत सुरू होतो. गर्भातली बरीच जीन अशी अटॅकनंतर परत जागी होतात. त्यामुळं तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे की सिग्नल परत येतात, पण ऐकणारी पेशी बदललेली असते. गर्भातल्या पेशीला "वाढ" असा निरोप मिळाला की ती दुभंगून दोन होते, आप्पांच्या पेशीला तोच निरोप मिळाला की ती आहे तेवढीच राहून जाड होते, ताणली जाते, आणि शेवटी दमते. संख्या वाढत नाही, आकार वाढतो. हार्ट फेल्युअरची सुरुवात तिथं आहे.

पेशी का बदलली? जन्माच्या क्षणी पहिला श्वास घेतला की रक्तातला ऑक्सिजन एकदम चढतो, पेशी साखरेवरून चरबी जाळण्यावर येते, त्यातून निघणाऱ्या जहाल ऑक्सिजननं डीएनएला इजा होते आणि पेशी विभाजन थांबवते, थायरॉइडचाही त्यात हात आहे. वर हिप्पो नावाची एक साखळी असते, ती अवयवाचा आकार मर्यादेत ठेवते, वाढीचा हुकूम देणाऱ्या याप या प्रथिनाला केंद्रकाबाहेर अडवून धरते. 2011 मध्ये डॅलसच्या संशोधकांनी दाखवलं की एक दिवसाच्या उंदराच्या पिल्लाचं हृदयाचं टोक कापलं तर ते परत उगवतं, सात दिवसांच्या पिल्लाचं मात्र उगवत नाही, वण होतो. एका आठवड्यात दार बंद. 2016 साली माणसाच्या नवजात बाळाचीही एक केस छापून आली, जन्मताच अटॅक आला होता, हृदयाचं काम नंतर पूर्ववत झालं.

मोठ्या माणसात अगदीच काही होत नाही असंही नाही. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी 2009 मध्ये फार सुंदर युक्ती केली. अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळं 1963 पर्यंत हवेत कार्बन-14 हा किरणोत्सारी कार्बन वाढला आणि नंतर उतरत गेला, तर पेशीच्या डीएनएत तो किती आहे यावरून पेशी कधी जन्मली ते काढता येतं. त्यांना दिसलं की पंचविशीत वर्षाला साधारण 1 टक्का स्नायूपेशी नव्या होतात आणि पंच्याहत्तरीत 0.45 टक्के. म्हणजे अख्ख्या आयुष्यात निम्म्याही बदलत नाहीत. एका दिवसात चौथा हिस्सा गेलेला या वेगानं कसा भरून निघणार.

आता झेब्रा माशाकडं येतो. कोल्हापुरातल्या कुठल्याही फिश टँकच्या दुकानात मिळणारा हा मासा मूळचा आपल्याच देशातला, 1822 साली गंगेच्या माशांवर लिहिताना त्याची पहिली नोंद झाली, आणि पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत त्याच्यावर हृदयाचं काम चालतं, एमएस्सीनंतर तुम्हाला त्यात रस असेल तर नक्की चौकशी करा. 2002 मध्ये दाखवलं गेलं की त्याच्या खालच्या कप्प्याचा 20 टक्के भाग कापला तरी साठ दिवसांत परत येतो. पण येतो कुठून, हा खरा मुद्दा. तुमच्या घरी ऊस आहे म्हणून त्याच भाषेत सांगतो. ऊस तुटून गेला की रानात राहिलेल्या बुडख्यांच्या डोळ्यांतून परत कोंब येतात, नवीन कांडी लावावी लागत नाही, तो खोडवा. माशाचं हृदय हा खोडवा आहे. 2010 च्या संशोधनात स्पष्ट झालं की नवीन स्नायू हा जखमेशेजारच्या जुन्याच स्नायूपेशींपासून होतो, त्या आपली रचना थोडी सैल करतात, परत लहान झाल्यासारख्या होतात आणि विभागतात. वरच्या आवरणातून रेटिनॉइक ॲसिड येतं, न्यूरेग्युलिन येतं, नॉच येतो, आणि काम झालं की हे सगळे निरोप बंद होतात. कुठूनतरी स्टेम सेल येऊन तिथं रुजत नाहीत.

पॅकेजवाले मात्र लावण, म्हणजे बाहेरून नवीन कांडी आणून लावणं, विकतायत, म्हणून त्यांचा हिशेब मला पटत नाही. 2001 मध्ये अस्थिमज्जेच्या पेशी उंदराच्या हृदयात टोचल्या की स्नायू तयार होतो असा शोधनिबंध आला आणि जगभर धावपळ झाली, 2004 मध्ये दोन स्वतंत्र गटांनी तपासलं तर तसं होत नाही असं दिसलं, आणि हृदयातच स्टेम सेल असतात म्हणणाऱ्या कामाचं तर असं झालं की 2018 साली हार्वर्डनं त्या प्रयोगशाळेचे 31 शोधनिबंध मागं घ्यावेत असं कळवलं. टोचलेल्या पेशींपैकी बहुतेक थोड्या दिवसांत नाहीशा होतात. मग काही उंदरांना फायदा का दिसला? 2020 मध्ये त्याचंही उत्तर मिळालं, मेलेल्या पेशी टोचल्या तरी थोडा फायदा दिसला, कारण टोचल्यामुळं मॅक्रोफेज जमले आणि वण जरा चांगला विणला गेला. म्हणजे तिथंही बियाणं रुजलं नाही, निरोप पोचला.

आणि आपल्याकडं नियम काय? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की रक्ताचे काही ठरावीक आजार वगळता स्टेम सेलचा वापर हा प्रयोग आहे, तो नोंदणी केलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच व्हायला हवा. प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. तुमच्या पाहुण्यांना एवढंच विचारा, ट्रायलचा नोंदणी नंबर काय? माझ्या एका पेशंटनं मला न सांगता एका ठिकाणी असेच पैसे भरले होते आणि त्यांच्याकडं असा नंबर कधीच नव्हता. त्यांना इंजेक्शनापेक्षा जास्त नुकसान झालं ते या गोष्टीनं की "आता नवीन पेशी आल्यात" म्हणून त्यांनी चालू गोळ्या सोडल्या, आणि तीन महिन्यांत पाय सुजून, रात्री उशाला तीन उश्या घेऊन ते माझ्याकडं आले. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण गोळ्या चालू असत्या तर ही वेळ आली नसती असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही म्हणाल की मग ज्यांचं पंपिंग इंजेक्शननंतर खरंच वाढलं त्यांचं काय. इथं नीट लक्ष द्या, फसवणूक न करताही इथं माणूस फसतो. अटॅकनंतर वणाच्या कडेचा बराच स्नायू मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो. रक्त परत आल्यावर तो काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत परत हलायला लागतो. म्हणून डिस्चार्जच्या वेळचं 35 हा कायमचा आकडा नव्हेच. ठोके अचानक बिघडले तर शॉक देणारं यंत्र (आयसीडी) बसवायचं का हा निर्णयही आम्ही अटॅकनंतर किमान 40 दिवस आणि स्टेंटनंतर साधारण 90 दिवस थांबून, नवीन इको बघून घेतो. आता समजा कुणी दुसऱ्या महिन्यात इंजेक्शन दिलं आणि चौथ्या महिन्यात पंपिंग 45 झालं, तर श्रेय कुणाला मिळणार? इंजेक्शनला. ते न देताही 45 झालं असतं का हे त्या एका माणसावरून कधीच कळत नाही, त्यासाठी शेजारी न दिलेला गट लागतो.

इथपर्यंतचं एकत्र धरलं तर असं होतं की वण हवाच होता, उगवणं हे खोडव्यासारखं जुन्या पेशींतून होतं, माणसाच्या पेशीनं ती सवय जन्मानंतर सोडलीय, आणि निरोपाची वेळ चुकली तर तोच निरोप घातक ठरतो. हे शेवटचं मी उगाच म्हणत नाही. 2019 मध्ये इटलीत डुकरांना अटॅकनंतर एक मायक्रोआरएनए (जीनचं काम कमी-जास्त करणारा छोटा रेणू) दिला, पेशी खरोखर विभागल्या, वण लहान झाला, पंपिंग सुधारलं, सगळे खूश, आणि मग काही आठवड्यांत बहुतेक डुकरं अचानक दगावली. निरोप चालूच राहिला होता, अर्धवट वाढलेल्या पेशींनी ठोके बिघडवले. चालू करणं आता जमायला लागलंय, बंद करणं अवघड आहे. 2021 मध्ये अमेरिकेत हिप्पोची साखळी ढिली करून डुकरांचं पंपिंग सुधारलं, आणि जानेवारी 2025 मध्ये जर्मनीतल्या गटानं प्रयोगशाळेत वाढवलेल्या धडधडत्या स्नायूचे पॅच माकडांवर आणि एका माणसावर लावल्याचं छापून आलं, त्याला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. हे काम खरं आहे आणि मला त्याची मनापासून आशा आहे. पण ते अजून प्रयोगात आहे, कुणाच्या पॅकेजमध्ये नाही.

मग आप्पांसाठी आज काय? इथं मला तुम्हाला एक गोष्ट पटवून द्यायचीय. तुम्ही सिग्नल बदलायचं औषध शोधताय आणि ते आप्पांच्या डब्यात आधीच असायला हवं. अटॅकनंतर पंपिंग कमी पडलं की शरीराला वाटतं रक्त कमी झालं, म्हणून ते अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन आणि नॉरॲड्रेनॅलिन सोडत राहतं. हे तिन्ही निरोप फायब्रोब्लास्टला सांगतात अजून कोलॅजन घाल, अगदी चांगल्या भागातही, आणि स्नायूपेशीला सांगतात जाड हो. रक्तस्रावाच्या भीतीनं बनलेली ही यंत्रणा, तिला नस बंद झालीय हे कळत नाही. आपली औषधं हेच निरोप अडवतात. ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषावरून सुचलेलं कॅप्टोप्रिल 1981 मध्ये आलं, आणि 1992 च्या सेव्ह ट्रायलमध्ये पंपिंग 40 किंवा कमी असलेल्या अटॅकच्या पेशंटमध्ये त्यानं मृत्यू 19 टक्क्यांनी कमी झाले. कार्व्हेडिलॉलनं 2001 मध्ये अशाच पेशंटमध्ये 23 टक्के. स्पायरोनोलॅक्टोननं गंभीर हार्ट फेल्युअरमध्ये 1999 ला 30 टक्के. पुढं सॅक्युबिट्रिल-वलसार्टन आलं, ते अँजिओटेन्सिन अडवतं आणि वर सांगितलेले एएनपी-बीएनपी हे हृदयाचे स्वतःचे चांगले निरोप टिकवून धरतं. 2019 मध्ये शुगरचं डापाग्लिफ्लोझिन शुगर नसलेल्या हार्ट फेल्युअरमध्येही उपयोगी ठरलं. या गोळ्या लावणही नाहीत, खोडवाही नाहीत, पण उरलेलं पीक वाचवतात, आणि उरलेल्या स्नायूवरचा खोटा हुकूम उठला की कितीतरी लोकांचा हृदयाचा आकार परत लहान होताना मी इकोच्या पडद्यावर स्वतः बघितलाय.

म्हणून डॉक्टरांकडं जाताना गोळ्यांची पट्टी घेऊन जा आणि विचारा, या चार प्रकारांतली (कॅप्टोप्रिल किंवा सॅक्युबिट्रिल-वलसार्टनसारखी, कार्व्हेडिलॉलसारखी, स्पायरोनोलॅक्टोनसारखी आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी) कुठली चालू आहेत, कुठली नाही आणि का नाही. "का नाही" ला बरोबर कारण असू शकतं, बीपी 90 असेल, पोटॅशियम वाढलं असेल, किडनी तक्रार करत असेल. पण नुसतंच राहून गेलं असेल तर ते लगेच दुरुस्त होतं. डोस हळूहळू वाढवायचे असतात, एकदा लिहून दिलेली चिठ्ठी वर्षभर तशीच चालवायची नसते. गोळ्या सुरू केल्यावर आणि डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन-पोटॅशियम बघायचं, हे आपल्याकडं फार राहून जातं. स्टेंटच्या दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या तर एक दिवसही चुकवायच्या नाहीत, दात काढायचा असला तरी आधी विचारायचं.

मीठ कमी म्हणजे नुसतं ताटातलं नव्हे, खर्डा, लोणचं, पापड, दुकानातला फरसाण, सगळं धरून. रस्सा महिन्यातून एकदा वाटीभर चालेल, पण वाटी भरून परत वाटी नको. तंबाखू पूर्ण बंद, मिश्रीसुद्धा. रोज सकाळी वजन, दोन-तीन दिवसांत दोन किलो चढलं तर ते पाणी आहे, फोन करा. चालणं रोज, सपाटीवर, बोलता बोलता दम लागणार नाही एवढं, दर आठवड्याला थोडं वाढवत. फडात जाऊन बघायला हरकत नाही, मोळी उचलायची नाही.

आणि रान गहाण टाकू नका. त्या पैशातून वर्षभराच्या गोळ्या, सगळ्या तपासण्या आणि चार इको होतील, तरी बरेच उरतील. स्टेंट टाकल्यापासून 90 दिवस कधी होतात ते कॅलेंडरवर लिहून ठेवा, त्या आठवड्यात शक्यतो त्याच डॉक्टरांकडून, त्याच मशीनवर इको करा, म्हणजे दोन आकडे एकमेकांशी ताडता येतील. तेव्हाही 35 किंवा त्याहून कमी राहिलं तर यंत्राचा विचार करावा लागेल, ते कशासाठी आणि कुणाला ते तेव्हा वेगळं लिहीन. इको झाला की पंपिंगचा आकडा, डाव्या कप्प्याचं माप आणि झडपेची गळती या तिन्ही गोष्टी इथंच कळवा, मी बघतो.